‘बाजा बंद’वाला शकीलभाई

तुमच्या मोबाइलवर ‘बोंडअळी’ या आमच्या बँडचा ‘बाजा बंद’ नावाचा अल्बम असेल, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. त्यात जिथे जिथे बासरी वाजते, तिथे काहीही वाजायचं नव्हतं. ती बासरी आमची नाही. ज्यानं ती घुसवली त्याच्याबद्दल पुढे बोलणारच आहे, आणि चांगलं बोलणार नाही. पण मला सांगायचंय ते शकीलभाईबद्दल. तो गेला त्याला आता दोन वर्षं होतील. लोक अजून येऊन मला म्हणतात, ‘काय ती बासरी, डोळ्यांत पाणी आलं.’ अशा माणसाला मी चहासुद्धा विचारत नाही.

शकीलभाई अकोल्याचा. घरचाच बँडबाजा. वडील क्लॅरिनेट वाजवायचे, काका मोठा ढोल, आणि हा ताशा. लग्नसराईत लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि पायात रबरी चप्पल. बूट घातला की हात जड होतो, असं त्याचं म्हणणं. अंगानं काटकुळा, मिशी बारीक, आणि चेहऱ्यावर कायम असा भाव की आत्ताच कोणीतरी त्याच्याशी खोटं बोललंय. बहुतेक वेळा तसं झालेलंही असायचं.

आम्हाला तो सापडला त्याचं श्रेय विनोदला. विनोद परतवाडा-अमरावती मार्गावर जीप चालवायचा, गिटार वाजवायचा आणि गायचा. म्हणजे गुरगुरायचा. डेथ मेटल हे संगीत ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: गिटार अगदी खालच्या सुरात लावलेली, ड्रम जीव तोडून पळणारा, आणि गाणारा पोटातून ओरडतो, शब्द कळत नाहीत. उभ्या अमरावतीत हे ऐकणारे आम्ही दोघंच असू. मी तेव्हा शिकत होतो, बास गिटार वाजवत होतो, आणि त्या वेगानं ड्रम वाजवणारा माणूस आम्हाला मिळत नव्हता. कॉलेजातले ड्रमर दोन मिनिटांत दमून पाणी मागायचे. मग विनोद अकोल्याला मावसभावाच्या लग्नाला गेला आणि नवरदेव सोडून ताशेवाल्याकडेच बघत राहिला. वरात पाऊण तास चौकात अडकली होती, म्हणाला, पण त्या माणसाचा हात एकदासुद्धा सैल पडला नाही.

पुढच्या आठवड्यात आम्ही शकीलभाईला जीपमध्ये बसवून एक परदेशी कॅसेट ऐकवली. त्यानं डोळे मिटून पूर्ण बाजू ऐकली.

“यायले कोनाची वरात गाठाची हाये एवढ्या घाईनं?” हा पहिला प्रश्न.

आम्ही हसलो. तो हसला नाही. “हात चांगला हाये त्याचा. पन हा मानूस कोनावर रागावून राह्यला, ते सांगा.”

“कोनावर नाई,” विनोद म्हणाला. “हे असंच असते, शकीलभाई. भूतं, रक्त, मुडदे.”

“मंग हा राग नाई, सोंग हाये. रागाले पत्ता पाह्यजे. चिठ्ठीवर पत्ताच नसन तं पोस्टमन कोनाच्या घरी नेईन?”

आमच्या बँडचं तेव्हाचं नाव इंग्रजी होतं, कबरीबिबरी असलेलं. शकीलभाईनं विनोदला विचारलं, तुझ्या वावरात यंदा नुकसान कोणी केलं? विनोद म्हणाला, बोंडअळीनं. “मंग तेच ठेव ना नाव. विलायती भुताले कावून तरास देतं?” झालं. बारसं जीपमध्येच उरकलं. मला तो पहिल्या दिवसापासून ‘मास्तर’ म्हणायला लागला, कारण मी चष्मा लावायचो आणि बोलताना मधेच दुसऱ्याला दुरुस्त करायचो. पुढे मी खरंच मास्तर झालो, तर म्हणाला, “मी तं आधीच सांगतलं होतं, तुले दुसरं काय येते?”

त्याला ड्रमसेट ठाऊक नव्हता. अमरावतीच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून आम्ही भाड्यानं आणला. पहिल्या सरावाला मी चहा सांगायला बाहेर गेलो आणि परत येतो तो खोलीत धूर. शकीलभाई उकिडवा बसून जळता वर्तमानपत्राचा कागद ड्रमखाली फिरवत होता. ताशाचं चामडं वाजवण्याआधी शेकावं लागतं, तेव्हा ते ताणतं आणि कडक बोलतं; लहानपणापासून त्यानं हेच केलेलं. पण या ड्रमला चामडं नव्हतं, प्लास्टिक होतं. ते पापडासारखं आकसलं आणि मधोमध फाटलं. ऑर्केस्ट्रावाला आला आणि त्यानं आमच्या तिघांच्या आयांचा उद्धार केला.

शकीलभाईनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बकऱ्याचं नाई तं आधी सांगाचं ना. तुमी लोकाइले प्लास्टिक ऐकवता अन् वरून आमाले शिव्या देता?”

दोन दिवसांनी त्यानं त्या ड्रमवर बकऱ्याचं चामडं स्वतः मढवून आणलं. आमच्या पहिल्या कॅसेटवर जो कोरडा, सालटं काढणारा आवाज आहे, तो त्या चामड्याचा. नंतर मुंबई-पुण्याच्या पोरांनी तो आवाज कोणत्या मशीनचा म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं तर त्यांना वाटलं मी थट्टा करतोय.

एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनात आमचा कार्यक्रम होता. स्टेज उघड्यावर, पलीकडे रस्ता. तिसरं गाणं ऐन रंगात आलं आणि ड्रम बंद. मी वळून पाहिलं. शकीलभाईनं काड्या मांडीवर ठेवल्या होत्या आणि मान खाली घातली होती. रस्त्यावरून एक अंत्ययात्रा चालली होती, सात-आठ माणसांची, गरिबाची. आमच्याकडे वरात चालली असताना वाटेत मयत आडवी आली किंवा मयतीचं घर लागलं, म्हणजे ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय असं घर, तर बाजा बंद करतात. ते मागं पडलं की पुन्हा सुरू. बँडवाल्याला हे कोणी सांगावं लागत नाही, त्याचे हातच थांबतात. पोरांना वाटलं ड्रमर चुकला. शिट्ट्या सुरू झाल्या. कोणीतरी ओरडलं, “ए बाजावाले, घरी जा.”

शकीलभाई उठून माइकपाशी आला. “मयत चालली,” एवढंच म्हणाला. “दोन मिनिटं तोंड आवरा. तुमच्या बापाची बी निंगन एक दिवस.”

मैदान चिडीचूप झालं. ड्रम थांबल्यावरही मी चार ठोके वाजवतच राहिलो होतो. उतरल्यावर त्यानं मला विचारलं, “तुले ऐकू आलं नाई का दिसलं नाई?” मी म्हणालो, गाण्याच्या नादात होतो. “नाद असाच असते लेका, मानसाले जनावर करते,” तो म्हणाला आणि चहाला घेऊन गेला.

त्यानंतर दोनेक वर्षांत बँड मोडला. भांडणं झाली नाहीत. एका मार्गशीर्षात शकीलभाईनं अचानक वाजवणं सोडलं. आमच्याकडचंही आणि वरातीतलंही. कारण सांगितलं नाही. ताशा कोणाला तरी देऊन टाकला आणि नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात मागावर कामाला लागला. विनोदचं लग्न झालं, मला नोकरी लागली. लग्नात डीजे आले, शकीलभाईच्या घरच्या बँडच्या अकोल्यातल्या दुकानावरची पाटी उतरली. मी आपला समज करून घेतला की धंदा बसला म्हणून माणूस बसला. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दुःखाचं कारण फार लवकर सापडतं.

बारा वर्षांनी एका रविवारी तो माझ्या अमरावतीच्या घरी आला. केस पांढरे, उजव्या कानानं ऐकू येणं जवळजवळ बंद. मागांच्या खडखडाटानं कान खाल्ला होता. बसला आणि पाणी पिण्याआधीच बोलायला लागला.

“मास्तर, चांदूर रेल्वेच्या तिकडे एक गाव हाये. नाव सांगत नाई. तिथं वरात घेऊन गेलतो आमी. त्या साली तुले माहीतच हाये काय हाल होते. जानवशापासून मांडव कितीक दूर? पन पाच घरं लागले मयतीचे. कोनी फवारनीनं गेलं, कोनी फवारनीचंच औषध पिऊन. पाचही ठिकानी बाजा बंद. वराती चिडले. नवरदेवाचा मामा म्हने, बाजा लावला का मुका मोर्चा? माह्या बी डोक्यात राग गेला. म्हनलं, थांब, मांडवाच्या दारात दाखोतो तुले. अन् दारात असा वाजोला, मास्तर, असा वाजोला, जिंदगीत नसन वाजोला. अर्धा घंटा. लोकं नाचून नाचून पडले.”

मग त्यानं सगळं सपाट आवाजात सांगितलं. नवरीचा मोठा भाऊ फवारणी करताना विष भिनून महिनाभर दवाखान्यात होता. त्याच दिवशी पहाटे तो गेला. लग्न एकदा मोडलं तर पोरीचं पुन्हा होणार नाही, म्हणून घरच्यांनी कोणाला कळू दिलं नाही. प्रेत मागच्या खोलीत ठेवलं होतं. मंगलाष्टकं झाल्यावर बँडवाल्यांना जेवायला मागच्या अंगणात नेलं, आणि उघड्या खिडकीतून शकीलभाईनं ते पाहिलं. उशाशी आई बसली होती.

“तिनं मले पाह्यलं. गळ्यात ताशा होता माह्या. शिवी देते तं बरं झालं असतं. म्हने, जेवून घ्या दादा, लय वाजोलं तुमी.”

माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती ती आत निघून गेली.

“आता वाजवाचं हाये,” शकीलभाई म्हणाला. “एकच खेप. पुरी कॅसेट म्हन्जे ती वरात. जानवशापासून मांडवापर्यंत. जिथं जिथं घर, तिथं बंद. अन् शेवटी त्या दारात बंद. तवा चुकलं ते आता बरोबर करतो. त्याच्यासाठीच आलो मी, गाण्याबिण्यासाठी नाई.”

अकोल्याजवळच्या एका बंद जिनिंगच्या शेडमध्ये आम्ही उन्हाळाभर सराव केला. विनोदच्या संगीतातही आता फरक पडला होता. निव्वळ गुरगुरण्याऐवजी त्यानं थ्रॅशची चाल आणली: गिटार तोडून तोडून वाजवायची, ठेका घोड्यासारखा, आणि शब्द थुंकल्यासारखे पण स्वच्छ. शकीलभाईनंच तसा हट्ट धरला होता. “तवा बोंबललो, कोनाले समजलं नाई. आता समजलं पाह्यजे. शिवी द्याची तं साफ द्यावं.”

ऐकू येत नाही म्हणून तो चप्पल काढून एक पाय माझ्या स्पीकरच्या खोक्यावर टेकवायचा आणि बासचा ठोका तळव्यानं पकडायचा. मी चुकलो की माझ्याआधी त्याला कळायचं. थांबायच्या जागा त्यानं पावलांनी मोजल्या. शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वरातीच्या चालीनं चालायचा आणि विनोद हातात घड्याळ घेऊन उभा. एका घराला पंचवीस पावलं, एकाला चाळीस, त्या घरापुढं मोठा वाडगा, म्हणजे गुरांचं आवार, होता म्हणे. शेवटच्या दाराला त्यानं पावलं मोजली नाहीत. “तिथं पुरे दोन मिनिटं लिहा, मंग शेवटचा तुकडा,” म्हणाला. विनोदनं लिहून घेतलं.

आता त्या बासरीवाल्याकडे येतो. विनोदनं इंटरनेटवर टाकलेला एक तुकडा ऐकून मुंबईच्या एका कंपनीतला कुणाल नावाचा तरुण अमरावतीला आला. गोड बोलणारा. शेडमध्ये आमचं ऐकून रडला, शकीलभाईच्या पाया पडला. ‘हे जगापुढे गेलं पाहिजे’ असं चार वेळा म्हणाला. चारही वेळा मला ते आवडलं, हे कबूल करतो. करारनामा इंग्रजीत होता. शकीलभाई आणि विनोद म्हणाले, मास्तर वाचतील. मास्तरांनी वाचला. अंतिम रूप ठरवण्याचा अधिकार कंपनीकडे, असं एक वाक्य होतं. मला वाटलं आवाज कमी-जास्त करण्याबद्दल असेल. तिघांच्या सह्या झाल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

अल्बम आला तेव्हा मुखपृष्ठावर फासाचा दोर होता. खाली कापसाचं एक बोंड. आणि पाचही घरांपुढे, आणि त्या दारात, बासरी. शेवटच्या ठिकाणी तर बासरीखाली एका बाईचं हुंदके देणंसुद्धा घातलेलं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे लोक मी पाहिले आहेत, पण त्याला फोडणी देऊन खाणारा हा पहिलाच.

शकीलभाईनं फोन डाव्या कानाला लावून सगळं ऐकलं. नांदगाव पेठच्या नाक्यावरच्या टपरीत बसलो होतो आम्ही.

“हे काय वाजून राह्यलं, मास्तर?”

“बासरी.”

“कोनाच्या दारात?”

त्यानं फोन खाली ठेवला.

“कागद तूच वाचला ना?”

“हो.”

“इंग्रजी येते ना तुले?”

“येते, शकीलभाई. पण माझ्या लक्षात आलं नाही.”

“तिच्या लक्षात येईन,” तो म्हणाला. “ती बाई जिती असन तं तिच्या लक्षात येईन. दुसऱ्यांदा वाजोला म्हनन.” यानंतर तो माझ्याशी महिनाभर बोलला नाही. मीही फोन केला नाही, लाज वाटत होती.

कुणालशी तो स्वतः बोलला. मी विनोदकडून ऐकलं. कुणाल म्हणाला, “शकीलजी, रिकामी जागा आली की लोक पुढे ढकलतात. कोणी थांबत नाही. आणि बासरी दुःखाचीच आहे ना?” शकीलभाईनं विचारलं, “तुमी त्या घरचे होय?” तो म्हणाला नाही. “मंग रडाचं काम त्याइचं हाये. आपलं काम फक्त चूप बसाचं. तेवढं बी जमत नाई तुमाले?” कुणालनं सांगितलं की आता बदल होऊ शकत नाही, पण अमरावतीत प्रकाशनाचा मोठा कार्यक्रम ठेवलाय, तिथे संपूर्ण अल्बम वाजवा, पत्रकार येतील. शकीलभाई हो म्हणाला. विनोदला वाटलं, म्हातारा निवळला.

कार्यक्रम नांदगाव पेठ रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात झाला. पुढच्या रांगेत प्रमुख पाहुणे, पत्रकार, कॅमेरे. पाठीमागे शकीलभाईच्या कारखान्यातले कामगार, पाळी सुटल्यावर तसेच आलेले. शकीलभाई लाल कोट घालून आला. माझ्याकडे न बघता चप्पल काढली आणि पाय माझ्या स्पीकरवर टेकवला. एवढ्यानंच मला भरून आलं.

पहिलं घर आलं. आम्ही तिघंही थांबलो. आणि कर्ण्यांतून बासरी सुरू झाली. कुणालनं ती यंत्रावर तयार ठेवली होती, नेमकी थांबण्याच्या जागी. तो मागून अंगठा दाखवून हसला.

शकीलभाई उठला. अनवाणी, सावकाश, स्टेजच्या कोपऱ्यापर्यंत गेला, जिथे सगळ्या तारा एका बोर्डावर आल्या होत्या. मी तिथून दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. हे काम माझं होतं, करार मी वाचला होता, पण मी तसाच उभा राहिलो. त्यानं मुख्य तार ओढून काढली. बासरी गेली, माइक गेले, आमच्या गिटारी गेल्या. कुणाल धावत आला, “सर, लाइव्ह चालू आहे.” शकीलभाईनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. जाऊन बसला, पंचवीस पावलं पूर्ण होऊ दिली आणि काड्या उचलल्या.

पुढची वरात विजेशिवाय गेली. चामड्याचा उघडा आवाज, आणि विनोद नरड्याच्या जोरावर शेवटच्या भिंतीपर्यंत शब्द फेकत होता. माझ्या बासमधून काही निघत नव्हतं. मी तरी वाजवत राहिलो, नुसती बोटं. दुसरं घर, तिसरं, चौथं, पाचवं. मागचे कामगार प्रत्येक ठिकाणी आपोआप मान खाली घालायला लागले. पुढच्या रांगेतले एकमेकांकडे बघत होते. मांडवापाशी शकीलभाईनं जो वाजवला, तसा मी त्याला कधीच ऐकला नव्हता. त्या वयात, त्या मनगटांनी. मला कळत होतं हा आता कोणत्या दाराकडे चाललाय, आणि मी नको नको म्हणत होतो.

दार आलं. तो थांबला. काड्या मांडीवर, मान खाली.

दोन मिनिटं झाली. त्यानंतर शेवटचा तुकडा सुरू व्हायचा होता. विनोदनं घड्याळ पाहिलं, हळूच म्हणाला, “शकीलभाई, झाले दोन मिनिट.” तो हलला नाही. आणखी थोडा वेळ गेला. पुढच्या रांगेत पाहुण्यांना वाटलं कार्यक्रम संपला. ते टाळ्या वाजवायला लागले, त्यांचं पाहून पत्रकार, मग अर्धं सभागृह.

शकीलभाईनं मान वर केली.

“थांबा,” तो म्हणाला. “घर अजून मांगं नाई पडलं.”